समोर तोंड करून बोललेले

यंत्रमागांच्या शेडमागे दोन खोल्या होत्या आणि त्या खोल्यांत एक मुलगी वाढली. वस्तीत आणि शाळेत तिला सगळे भोंगा म्हणत. हे नाव पहिल्यांदा कोणी उच्चारले ते आता सांगता येणार नाही. परंतु ते का पडले, हे तिच्याशी एकदा बोलणाऱ्यालाही समजत असे. घरात तिने "पाणी दे" असे म्हटले, तर शेजारच्या घरातून कोणी तरी पेला भरून आणी.

यात तिचा काही दोष होता असे म्हणणे न्यायाला धरून होणार नाही. शेडमध्ये माग दिवसभर खडखडत असत. आडवा धागा वाहून नेणारा लाकडी धोटा या टोकापासून त्या टोकाला आपटत धावे, आणि असे अनेक धोटे एकाच वेळी धावू लागले की माणसाला स्वतःचा खोकलाही ऐकू येत नसे. तिचे वडील माग चालवत. आत्या त्यांच्यापासून तीन माग सोडून उभी असे. आई कोपऱ्यातल्या यंत्रावर धोट्यात बसवायच्या कांड्यांवर सूत भरी. या शेडमध्ये कोणी कानाने ऐकत नसे. बोलणारा माणूस ओठ ठळकपणे हलवी, हातांची जोड देई, आणि समोरचा ते डोळ्यांनी उचली. भोंगा चालायला लागली त्याच सुमारास तिला हेही येऊ लागले. कोणी शिकवले नाही. शेडमधल्या कोणत्याच मुलाला कोणी शिकवत नसे.

तिचा दुसरा गुण असा की तिला स्वस्थता ठाऊकच नव्हती. जेवताना तिचा एक गुडघा हले आणि अभ्यास करताना दोन्ही हलत. बाकावर तिच्याशेजारी बसणाऱ्या मुलीचे अक्षर बिघडले, अशी तक्रार त्या मुलीच्या आईने शाळेत येऊन केली होती. या अस्वस्थतेचे कारण पायांत नव्हते. तिला सतत काही तरी सांगायचे असे, आणि ते कधीच पुरते सांगून होत नसे. शेडमधले बोलणे तुटक असते. धागा तुटला, जेवायला चला, मालक आले. यापलीकडे वाक्य गेले की समोरच्याची नजर मागाकडे वळते. माग बंद झाल्यावर वडील भिंतीला टेकून बसत, तेव्हा त्यांच्या कानांत खडखडाट तसाच चालू असे. "बाबा, ऐका ना," ती म्हणे. "उद्या, पोरी," ते म्हणत. तिची वाक्ये अशी उद्यावर साचत गेली होती.

ती पंधरा वर्षांची असताना भाषेच्या बाई एके दिवशी वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "या वर्षीपासून आपल्या शाळेत वादविवाद मंडळ सुरू होतंय. दोघादोघांच्या जोड्या असतील. नियम एकच लक्षात ठेवा. बोलणाऱ्याची घंटा होईपर्यंत बाकीच्यांनी मध्ये एक अक्षर बोलायचं नाही. पटलं तरी नाही, नाही पटलं तरी नाही."

भोंगा उभी राहिली. "बाई, एक अक्षरसुद्धा नाही?"

"एकही नाही."

"आणि बोललं कोणी तर?"

"त्यांचे गुण कापले जातात."

"मग माझं नाव लिहा."

मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, चला, मंडळाचा माईकचा खर्च वाचला!" वर्ग हसला. भोंगाने वळूनही पाहिले नाही. घंटा होईपर्यंत कोणी मध्ये बोलणार नाही, ही गोष्ट तिच्या मनात घर करून बसली होती.

निवडीच्या दिवशी बाईंनी प्रत्येकाला एक विषय दिला आणि भोंगाच्या वाट्याला शांततेचे महत्त्व आले. तिने ते इतक्या तळमळीने मांडले की खालच्या मजल्यावरचा शिपाई जिना धावत चढून आला आणि दारात धापा टाकत म्हणाला, "मारामारी कुठं आहे, बाई?" बाईंनी तोंडाला रुमाल लावला. परंतु त्यांनी तिला घेतले. पुढे कोणी कारण विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या की, तिच्याजवळ सांगायला काही होते.

ही बातमी घेऊन ती धावतच शेडमध्ये आली आणि वडिलांच्या मागासमोर उभी राहून ओठांनी म्हणाली, "मंडळात घेतलं मला."

"कसलं मंडळ?" वडिलांनीही ओठांनीच विचारले.

"वाद घालायचं."

"त्यासाठी शाळा कशाला हवी? आत्या आहे ना घरात."

तीन माग पलीकडून आत्याने हात उंचावला. "दिसलं हं मला, दादा! संध्याकाळी घरी ये, मग दाखवते वाद."

शेडमध्ये हे असेच चाले. समोर तोंड करून बोललेले सगळ्यांचे असे. ज्याला काही खासगी बोलायचे असेल तो पाठ फिरवी, किंवा बाहेर पाण्याच्या टाकीपाशी जाई. ज्याने दोन्हींतले काही केले नाही, त्याचे बोलणे सगळ्यांसाठीच आहे असे समजले जाई, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

आईने यंत्र थांबवले नाही. एक डोळा सुतावर ठेवूनच तिने ओठांनी विचारले, "संध्याकाळच्या कांड्या कोण भरणार?"

"मी भरीन. शाळेतून आले की लगेच."

"तुझं भरणं मला ठाऊक आहे. हात इथं आणि जीव भलतीकडे." मग हातातली कांडी भरून आईने मान वर केली. "जा. मी भरून घेईन."

मंडळात बाईंनी तिची जोडी घड्याळजीच्या मुलीशी जमवली. या मुलीला सगळे मौनी म्हणत, कारण हजेरीलाही ती मान हलवून उत्तर देई आणि म्हणून तिची वर्षातून अनेकदा गैरहजेरी लागे. मौनी विचार करी, मुद्दे काढी, समोरचा काय म्हणेल याचा आधीच अंदाज बांधी. मग ते सगळे ती हळू आवाजात भोंगाला सांगू लागे, आणि दुसऱ्या वाक्याला भोंगा म्हणे, "कळलं, कळलं, पुढचं मी बोलते."

"तुला कळलेलं नाही," मौनी म्हणे.

"मग सांग ना लवकर!"

"तू श्वास घे, मग सांगते."

बाई भोंगाला उभे करीत आणि दोन्ही हात टेबलावर ठेवायला लावीत. "हात टेबलावरून उठले की बोलणं बंद. तुझा आवाज मला रस्त्यावरही ऐकू येतो, पण तू हातांनी बोलतेस आणि तोंडानं नुसती ओरडतेस. एक वाक्य संपव, मग दुसरं काढ." पहिले काही दिवस तिचे हात टेबलावर असे थरथरत की शाईची बाटली सरकत काठापर्यंत जाई. पुढे पुढे तिला वाक्य संपवता येऊ लागले. आणखी एक बदल असा झाला की ती मौनीशी बोलताना आवाज खाली आणू लागली. बाईंना वाटले, हा आपल्या शिकवण्याचा परिणाम असावा.

बाईंनी सर्वांना स्पष्ट सांगून ठेवले होते की शाळाशाळांमधली पहिली स्पर्धा झाल्यावर वर्षभर मंडळात कोण राहणार हे ठरेल. तेव्हापासून भोंगाची झोप उडाली. ती कांड्या भरताना बोले, रस्त्याने चालताना बोले, आणि बसमध्ये तिच्याशेजारची जागा रिकामी राही.

स्पर्धा दुसऱ्या एका शाळेच्या सभागृहात होती. विषय होता, शाळेत गणवेश असावा की नसावा. भोंगा आणि मौनी यांना असावा ही बाजू मिळाली. समोरच्या टेबलावर यजमान शाळेचे दोन मुलगे होते, एक उंच आणि एक चष्मेवाला. पहिली फेरी छोट्या प्रश्नोत्तरांची होती आणि ती बरोबरीत गेली. नंतर दोन्ही जोड्यांना आपापल्या टेबलावर सल्लामसलत करण्यासाठी थोडा वेळ देण्यात आला.

मौनी कागदावर वाकून काही लिहीत होती. भोंगाचा गुडघा टेबलाच्या पायावर आपटत होता आणि डोळे समोर होते. चष्मेवाला आपल्या जोडीदाराला म्हणत होता, "त्या मोठ्या आवाजाच्या मुलीचं कोपर बघ. रफू केलंय. गणवेश गरिबाला परवडत नाही म्हणायचं आणि तिच्याकडे बोट दाखवायचं. नाव नको घेऊस."

"वाईट दिसेल रे," उंच मुलगा म्हणाला.

"जिंकायचंय की नाही?"

घंटा झाली. आधी भोंगाला बोलायचे होते. ती उभी राहिली, दोन्ही हात टेबलावर ठेवले, आणि मग डावे कोपर उचलून सभागृहाला दाखवले.

"हे बघा, इथं रफू आहे. माझ्या आईनं केलंय. आमच्याकडे कापड विणतात, पण ते आमचं नसतं. गणवेश आहे म्हणून आईला एकाच रंगाचं सूत जपून ठेवावं लागतं. गणवेश नसता तर तिला रोज नवा रंग शोधावा लागला असता आणि तुम्हाला रोज नवं भोक बघायला मिळालं असतं. तेव्हा माझं उदाहरण कोणाला द्यायचं असेल तर बोट कशाला दाखवायचं? सरळ नाव घ्या. मी इथंच बसले आहे."

सभागृहात हशा झाला आणि मग टाळ्या. ती घंटा होईपर्यंत बोलली, आणि तिच्या आयुष्यात प्रथमच कोणी तिला मध्ये थांबवले नाही. ती खाली बसली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. उंच मुलगा बोलायला उभा राहिला खरा, पण हातातला कागद उलटसुलट करून तो जोडीदाराकडेच बघू लागला. चष्मेवाल्याने हात वर केला आणि तो म्हणाला, "सर, आमचा मुद्दा तिला आधीच कळला होता."

मुख्य परीक्षक हे वयस्क वकील होते. त्यांनी भोंगाला जवळ बोलावले. "मुली, हे तुला कसं कळलं?"

"तेच म्हणाले ना, सर."

"कोणाला म्हणाले?"

"एकमेकांना. पण तोंड माझ्याकडे होतं."

"तुला ऐकू आलं?"

"ऐकू कशाला यायला हवं? दिसलं की."

लोक हसले. ही मुलगी उद्धटपणा करते आहे असे पुष्कळांना वाटले. वकिलांना मात्र शंका आली. ते चालत सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला गेले, तिच्याकडे वळले आणि आवाज न करता त्यांनी फक्त ओठ हलवले.

भोंगा आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही म्हणालात, ही मुलगी खोटं बोलते आहे की काय."

आता कोणी हसले नाही. वकील परत येऊन खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा पुसला. "ही खोटं बोललेली नाही," ते म्हणाले, "पण समोरच्या जोडीची सल्लामसलत चोरून घेता येत नाही, मग ती कशीही घेतलेली असो. ही फेरी समोरच्या जोडीला द्यावी लागेल. आणि तुम्ही दोघे मुलगे, तुम्ही जे करणार होतात त्याबद्दल तुमच्या मुख्याध्यापकांशी मी बोलणार आहे."

चोरून या शब्दापाशी भोंगाचे मन अडकले. तिने काय चोरले होते? ते दोघे पाठ फिरवून बोलले नव्हते, उठून बाहेर गेले नव्हते. ती मौनीकडे वळली, पण मौनी आपले कागद गोळा करत होती.

बसथांब्यावर मौनी तिच्यापासून चार हात दूर उभी राहिली. बाई तिकिटाचे सुटे पैसे शोधत होत्या. भोंगाला राहवेना. "तू तरी बोल ना काही."

"तू मला कधी सांगितलं नाहीस, तुला असं दिसतं म्हणून," मौनी म्हणाली.

"त्यात सांगायचं काय? सगळ्यांनाच दिसतं."

"कोणाला सगळ्यांना? मला नाही दिसत. बाईंना नाही दिसत." आणि मग मौनीच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "म्हणजे मी त्या दिवशी खिडकीपाशी बाईंना जे सांगितलं..."

"की माझ्यामुळे तुझं डोकं दुखतं, आणि तुला दुसरी जोडीदार हवी? हो, दिसलं ना. तेव्हापासून तर मी हळू बोलते तुझ्याशी. मला वाटलं, तू मलाच सांगते आहेस."

"मी तुला नव्हतं सांगितलं!"

"तोंड माझ्याकडे होतं गं."

मौनी बसमध्ये चढली आणि बाईंच्या पलीकडे, खिडकीशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी बाईंनी भोंगाला एका बाजूला घेतले. "तू मुद्दाम केलं नाहीस हे मला पटलं. पण मंडळात एकट्याला जागा नाही. तुझ्याबरोबर टेबलावर बसायला ती तयार असेल तर ये. नसेल तर तिला मी दुसरी जोडीदार बघून देईन."

त्या संध्याकाळी भोंगाने भरलेल्या कांड्या आईला उलगडाव्या लागल्या. सूत कुठे सैल, कुठे ताणलेले. वडिलांना सगळी हकीकत कळली होती. माग चालू ठेवून ते ओठांनी म्हणाले, "तोंड समोर केलं तर दिसणारच. डोळे काय घरी ठेवून जायचं?"

"त्या वकिलाला म्हणावं, ये आमच्या शेडमध्ये एक दिवस," आत्या पलीकडून म्हणाली. "बघू त्याला काय काय चोरावं लागतं ते!"

भोंगाला बरे वाटायला हवे होते, पण वाटले नाही. ती कांड्यांच्या टोपलीभोवती फिरत राहिली. शेवटी आईने यंत्र बंद केले, हे काही रोज होत नसे, आणि मानेने खूण केली. दोघी बाहेर टाकीपाशी गेल्या.

"तुझी आत्या मला आळशी म्हणते का कधी?" आईने विचारले.

"नाही."

"दिवसभर समोर उभी असते, तरी म्हणत नाही. मनात येत नसेल असं नाही. पण तिला ठाऊक आहे की मला दिसतं. आम्हा सगळ्यांना एकमेकांचं ठाऊक आहे, म्हणून इथं कोणी कोणाचं चोरत नाही. त्या मुलीला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर ती तोंड उघडती का?"

"मी मुद्दाम नाही गं केलं, आई."

"मला कळतं ते. तिला कसं कळावं?"

आईने टाकीच्या तोटीखाली हात धुतले आणि ती परत यंत्राकडे गेली.

सुटीच्या दिवशी भोंगा मौनीच्या घरी गेली. खाली घड्याळ दुरुस्तीचे दुकान होते आणि वर घर. दुकानात मौनीचे वडील डोळ्याला भिंग लावून एका उघड्या घड्याळावर वाकले होते. तिथे एवढी शांतता होती की भिंतीवरच्या घड्याळांची टिकटिक वेगवेगळी ऐकू येत होती. भोंगा टेबलापाशी उभी राहिली आणि तिचा गुडघा सुरू झाला.

"पाय आवर, मुली," घड्याळजी मान वर न करता म्हणाले. "स्प्रिंग उडाली तर संध्याकाळपर्यंत जमिनीवर हुडकत बसावं लागेल. वर आहे ती."

मौनी जिन्यात आली आणि मधल्या पायरीवर बसली. भोंगा दोन पायऱ्या खाली उभी राहिली. येताना तिने संपूर्ण भाषण जुळवले होते. त्यात शेड होती, आत्या होती, आईचे म्हणणे होते. तोंड उघडण्यापूर्वी तिने मौनीकडे पाहिले आणि ती म्हणाली, "आधी तू बोल. मी मध्ये नाही बोलणार."

मौनीने पायरीवरची धूळ बोटाने पुसली, मग पुन्हा पुसली. भोंगाला वाटले की आता आपण फुटणार, पण तिने जिन्याचा कठडा घट्ट धरून ठेवला.

"परवा मी बाबांशी बोलत होते," मौनी अखेर म्हणाली, "आणि माझा हात आपोआप तोंडावर गेला. आमच्या दुकानात, आमच्याच घरात. तू तिथं नव्हतीसही. मी मुळातच चार शब्द बोलते. तेही आता कोणी तरी बघतंय असं वाटतं. तुला वाईट म्हणायचं नाहीये मला. पण ते शब्द मी तुला दिले नव्हते, आणि तू ते घेतलेस, आणि मला सांगितलंही नाहीस."

"संपलं?" भोंगाने विचारले.

"संपलं."

"मग मी मंडळ सोडते. उद्या बाईंना सांगते, तुला दुसरी द्या म्हणून. तू बोलायचं थांबवू नकोस. तुझेच मुद्दे चांगले असतात, मी नुसती वाजते."

मंडळ सोडणे म्हणजे काय, हे त्या जिन्यात तिच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. पुन्हा धागा तुटला, जेवायला चला, आणि उद्या, पोरी.

"दुसरी म्हणजे ती गाण्याच्या वर्गातली," मौनी म्हणाली. "ती प्रत्येक वाक्याच्या शेवटी सूर लावते."

"मग?"

"मग काय! तिच्यापेक्षा तू परवडलीस." मौनी उठून उभी राहिली. "पण दोन गोष्टी. स्पर्धा सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर सांगायचं, मला ओठांवरचं वाचता येतं म्हणून. आणि सल्लामसलतीच्या वेळी त्यांच्याकडे पाठ करून बसायचं. मान वळली तर मी टेबल सोडून जाईन, भर सभेत."

"सगळ्यांसमोर सांगायचं? लोक हसतील."

"हसू देत."

पुढच्या स्पर्धेत लोक हसलेच. भोंगा उभी राहून म्हणाली, "मला ओठ हललेले दिसले की शब्द कळतात. म्हणून मी पाठ करून बसणार आहे. तरी तुम्हाला शंका असेल तर तोंडावर कागद धरा." समोरच्या जोडीतल्या मुलींनी एकमेकींकडे पाहिले, आणि त्यांतल्या एकीने खरोखरच वही चेहऱ्यासमोर धरली. सगळे सभागृह भोंगाकडे एखाद्या जत्रेतल्या खेळाकडे पाहावे तसे पाहत होते. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवून एकवार सगळ्यांकडे पाहिले आणि मगच ती बसली.

विषय असा होता की परीक्षेत पुस्तक उघडे ठेवू द्यावे की देऊ नये. या दोघी देऊ नये असे म्हणणाऱ्या. सल्लामसलतीची घंटा झाल्यावर भोंगाने खुर्ची फिरवली. तिच्यासमोर एक भिंत होती आणि भिंतीवर विजेच्या बटणांची एक पाटी. पाठीमागे कुजबुज सुरू झाली. जन्मापासून जिला प्रत्येकाचे शब्द दिसत आले होते, तिला आता पाठीमागे काय शिजते आहे याचा काही पत्ता नव्हता. तिच्या मानेला मुंग्या आल्या. तिने बटणे मोजली, पुन्हा मोजली, आणि मान वळायला लागली असे वाटताच दातांखाली ओठ धरला. मौनी तिच्या कानाशी हळू आवाजात मुद्दे सांगत होती. आज तिने पहिल्यांदा ते शेवटपर्यंत ऐकले, कारण दुसरे करण्यासारखे काही नव्हते.

मग समोरची मुलगी बोलायला उठली आणि म्हणाली, "पुस्तक उघडं असलं तरी ज्याला ते समजतच नाही त्याला काय उपयोग? म्हणून तर उघडं ठेवू द्या. मग मास्तरांना पाठांतर करणारा आणि समजणारा यांतला फरक कळेल."

हे मौनीच्याही अंदाजात नव्हते. भोंगा उभी राहिली, हात टेबलावर ठेवले, आणि तिला काहीच सुचले नाही. सभागृह थांबले. नियमाप्रमाणे कोणी मध्ये बोलले नाही, आणि त्या क्षणी हा नियम तिला शिक्षेसारखा वाटला.

"हा मुद्दा मला ठाऊक नव्हता," ती म्हणाली. "खरं सांगायचं तर तो थोडा पटलाही." कोणी तरी खुदकन हसले. "पण समजणारा ओळखायचा असेल तर त्याला पुस्तक कशाला हवं? त्याच्याशी बोला ना. मास्तरांनी प्रत्येकाला उभं करून विचारावं आणि उत्तर पुरं होईपर्यंत गप्प बसावं. मुलं गप्प बसतात असं मास्तर म्हणतात, पण मास्तर किती गप्प..." आणि घंटा वाजली.

गुण जाहीर झाले तेव्हा त्या दोघी थोडक्यात हरल्या होत्या. बाई फक्त म्हणाल्या, "शनिवारी सरावाला दोघी या. वर्षभर यायचं आहे." भोंगाने मौनीकडे पाहिले. मौनीने मान हलवली नाही, ती म्हणाली, "येऊ, बाई." वर्गातल्या हजेरीला तिने असे कधी म्हटले असते तर बरे झाले असते.

थांब्यावर गर्दी होती. भोंगाला घंटेने अर्धे कापलेले वाक्य गिळता येईना. "मला म्हणायचं होतं की मास्तर किती गप्प बसतात ते एकदा मोजायला हवं..."

"चुकीचं आहे ते," मौनी म्हणाली.

"काय?"

"एकेकाला उभं करून विचारायला लागले तर माझ्यासारख्या मुली सगळ्या नापास होतील. लिहिलेलंच बरं."

"तू तर आत्ता बोलतेस की!"

"आत्ता बोलते. उभं केलं की नाही बोलत. थांब, माझं झालेलं नाही. तुझा मुद्दा ज्यांना बोलता येतं त्यांच्यासाठीच आहे, आणि तू ते त्या मुलीसमोर कबूल करायला हवं होतंस, म्हणजे गुण मिळाले असते."

"हे मला आत का नाही सांगितलंस?"

"आत मला सुचलं नाही. आत्ता सुचलं. म्हणून तर म्हणते, माणसाला वेळ लागतो, आणि तू म्हणतेस उभं करून विचारा!"

शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी पिशवी खाली ठेवली आणि कोण बरोबर आहे याचा विचार करत ते तिथेच थांबले. भोंगा बोलायला गेली, तशी मौनीने बोट वर केले, आणि भोंगा तोंड उघडे ठेवून तशीच उभी राहिली. एक बस आली, भरली आणि गेली. दुसरी आली. तिलाही दोघींपैकी कोणी हात केला नाही.